विल्बरफोर्स नेमका कुणाचा? (मुलीच्या गृहपाठावरून सुरू झालेला धागा)

हंबरकाठ

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे फक्त वाचत असते, पण घरात चार दिवस एकाच विषयावर बोलणं चाललंय आणि मला माझंच उत्तर सापडत नाहीये म्हणून धागा काढतेय.

आम्ही २०११ पासून इंग्लंडमध्ये हल नावाच्या शहरात राहतो. गावात एक शंभर फुटी दगडी खांब आहे आणि त्याच्या टोकावर विल्यम विल्बरफोर्स उभा आहे. तो १७५९ साली इथलाच जन्मला, त्याचं घर आता म्युझियम आहे, आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाला तिथे एकदा तरी नेतातच. मुलगी सातवी-आठवीच्या वयाची आहे, तिला इतिहासात सध्या गुलामांचा व्यापार शिकवतायत, आणि वर्गात पाच मिनिटं बोलायला विषय दिलाय की विल्बरफोर्सला आज आदर्श मानावं का.

मला वाटलं सोपं आहे, हो म्हणायचं आणि कारणं द्यायची. कारणं भरपूर आहेतच. १७८७ साली त्याने डायरीत लिहिलं की देवाने माझ्यापुढे दोन मोठी कामं ठेवली आहेत, गुलामांचा व्यापार बंद करणं आणि समाजाचं वागणं सुधारणं. मे १७८९ मध्ये पार्लमेंटात पहिलं मोठं भाषण केलं. १७९१ ला मतदान झालं तर ८८ विरुद्ध १६३, हरला. पुढच्या वर्षी सभागृहाने त्याच्या ठरावात 'हळूहळू' हा एक शब्द घुसडला आणि मग खरंच इतकं हळू केलं की काहीच झालं नाही. १७९६ ला फक्त चार मतांनी हरला, आणि त्या रात्री त्याच्या बाजूचे काही खासदार ऑपेरा बघायला गेले होते, हे त्याने स्वतः डायरीत लिहून ठेवलंय. मी ते वाचलं तेव्हा मलाच राग आला, दोनशे वर्षांनी. शेवटी १८०७ ला २८३ विरुद्ध १६. म्हणजे अठरा वर्षं हा माणूस पुन्हा पुन्हा उभा राहिला, तब्येत कायम खराब, आयुष्यभर पोटाच्या दुखण्यासाठी अफू घ्यायचा, वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांच्या शिव्या खायचा, तरी सोडलं नाही. आणि १८३३ ला गुलामीच रद्द करायचा कायदा आता नक्की होतो म्हटल्यावर तीन दिवसांत गेला.

आणि मग तिच्यासाठी माहिती काढताना मला त्याचं २२ जून १८१३ चं भाषण सापडलं. विषय हिंदुस्थान. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण होतं आणि मिशनऱ्यांना हिंदुस्थानात जायची मोकळीक मिळावी यासाठी तो बोलत होता. त्यात तो म्हणतो की आमचा धर्म उदात्त, शुद्ध आणि कल्याणकारी आहे, त्यांचा नीच, स्वैराचारी आणि क्रूर. त्याच वर्षी एका पत्रात त्याने असंही लिहिलं की हे काम मी गुलामी बंद करण्याच्याही वर ठेवतो. म्हणजे ज्या कामासाठी आम्ही रोज मान वर करून त्या खांबाकडे बघतो ते त्याच्या मते दुसऱ्या नंबरचं, आणि पहिल्या नंबरचं काम काय तर तुमची माझी पणजी सुधारणं.

मुलीने विचारलं, "आई, मग तो आपल्यासाठी चांगला होता की वाईट?" मी म्हटलं थांब, विचार करून सांगते.

आणि आजकाल तर प्रत्येक जण त्याला आपलाच म्हणतो. अमेरिकेतले गर्भपातविरोधी लोक म्हणतात आम्ही आजचे विल्बरफोर्स. प्राण्यांसाठी काम करणारे म्हणतात तो आमचा, आणि ते खोटं नाही, १८२४ साली प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धची संस्था निघाली त्यात तो होताच. २०१५ चा आधुनिक गुलामीविरोधी कायदा झाला तेव्हाही त्याचंच नाव. आणि दुसऱ्या बाजूने लोक म्हणतात की एका गोऱ्या माणसाच्या पुतळ्याआड सगळा इतिहास लपवलाय. तुम्हाला काय वाटतं, मनापासून सांगा.

कडूलिंब

हंबरकाठ, धागा छान काढलात. मला त्याच्या धर्मापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते ती म्हणजे श्रेय.

थॉमस क्लार्कसन हे नाव तुमच्या मुलीच्या पुस्तकात आहे का बघा. केंब्रिजला लॅटिन निबंधस्पर्धेसाठी गुलामीवर निबंध लिहिला, १७८५ ला बक्षीस मिळालं, आणि लंडनला जाताना वाटेत घोड्यावरून उतरून रस्त्याकडेला बसला की हे सगळं खरं असेल तर कुणीतरी थांबवायला पाहिजे. मग हा माणूस सात वर्षांत पस्तीस हजार मैल फिरला, लिव्हरपूल ब्रिस्टलच्या धक्क्यांवर खलाशांना गाठून साक्षी गोळा केल्या, बेड्या, अंगठे पिळायचे स्क्रू, तोंड जबरदस्तीने उघडायचं यंत्र हे दुकानातून विकत घेऊन लोकांपुढे ठेवलं. ब्रुक्स या गुलामवाहू जहाजाचं ते चित्र, माणसं लाकडाच्या ओंडक्यांसारखी रचलेली, ते याच मोहिमेतलं. विल्बरफोर्सने पार्लमेंटात जे मांडलं त्याचा कच्चा माल याचा. १७८७ ची गुलामांच्या व्यापाराविरुद्धची समिती बारा जणांची होती आणि त्यातले नऊ क्वेकर, ज्यांना त्यांच्या पंथामुळे पार्लमेंटात बसताच येत नव्हतं. त्यांना आत बोलणारा माणूस हवा होता, तो विल्बरफोर्स.

आणि पुढे १८३८ ला विल्बरफोर्सच्या मुलांनी बापाचं पाच खंडांचं चरित्र लिहिलं त्यात क्लार्कसनला इतकं छोटं करून टाकलं की नंतर त्यांना त्याची माफी मागावी लागली. तेव्हा क्लार्कसन म्हातारा, डोळ्यांनी अधू. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

आणि हे सगळे गोरेच झाले. ओलाउडा इक्वियानो स्वतः गुलाम होता, स्वतःची किंमत भरून सुटला, १७८९ ला आत्मचरित्र लिहून इंग्लंड आयर्लंडभर विकत फिरला. १७९१ ला हैतीच्या गुलामांनी उठाव केला आणि पुढे स्वतःचं राष्ट्रच उभं केलं. १८३१ च्या नाताळात जमैकात सॅम शार्प नावाच्या गुलाम बाप्टिस्ट उपदेशकाने काम बंद पुकारलं, ते उठावात गेलं, त्याला १८३२ च्या मेमध्ये फाशी दिलं, आणि त्यानंतर सव्वा वर्षात लंडनमध्ये कायदा झाला. मालकांना कळलं होतं की आता हे टिकत नाही.

आता पैशाचं. १८३३ च्या कायद्यात भरपाई होती २ कोटी पौंड. गुलामांना नाही, मालकांना. तेव्हाच्या सरकारी वार्षिक खर्चाच्या साधारण ४० टक्के. त्यासाठी काढलेलं कर्ज कधी फिटलं माहितीये? २०१५ ला. तुम्ही २०११ पासून तिथे टॅक्स भरताय ना.

हंबरकाठ

@कडूलिंब, हे मला माहीतच नव्हतं. आत्ता शोधून बघितलं, २०१८ ला इथल्या अर्थखात्यानेच अभिमानाने ट्वीट केलं होतं की तुमच्या टॅक्समधून गुलामी संपवायला मदत झाली, आणि लोक चिडल्यावर काढून टाकलं. म्हणजे चार वर्षं माझ्या पगारातून, कितीही थोडे असोत, पण त्या मालकांना दिलेल्या पैशाचं कर्ज फिटत होतं. आणि माझ्या शेजारीण जमैकाच्या आहेत, त्यांच्या पगारातूनही. त्यांच्या पणज्यांना एक पेनी मिळाली नाही आणि यांनी हप्ते भरले. मला आज झोप लागणार नाही.

नगरी पाऊल

मी मराठी ख्रिस्ती आहे, नगरचा. त्यामुळे हा धागा वाचताना थोडं जपून लिहितोय, पण लिहितोच.

विल्बरफोर्सचा धर्म बाजूला काढून त्याचं काम ठेवता येत नाही. १७८५ च्या सुमारास त्याचं आयुष्य आतून बदललं, त्याआधी तो पत्ते, क्लब, पार्ट्या यातला हुशार तरुण खासदार होता. राजकारण सोडून पाद्री व्हावं की काय असं त्याला वाटत होतं, तेव्हा जॉन न्यूटनने त्याला सांगितलं की आहेस तिथेच राहा. हा न्यूटन स्वतः पूर्वी गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. समोरचा माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय, मग त्याला विकता कसं येईल, हा प्रश्न त्या सगळ्यांना खरोखर छळत होता. वेजवुडच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात ते गुडघे टेकलेल्या माणसाचं पदक बनलं, 'मी माणूस नाही का, भाऊ नाही का', ते त्याच श्रद्धेतून.

आणि दुसरी बाजू मीच सांगतो, लपवायची नाही मला. बार्बाडोसला चर्चच्याच एका मिशन सोसायटीचा उसाचा मळा होता आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने 'सोसायटी' असा डाग दिला जायचा. १८०७ ला, ज्या वर्षी व्यापार बंद झाला त्याच वर्षी, लंडनमध्ये गुलामांसाठी बायबलची एक आवृत्ती छापली त्यातून मोशेने इस्राएल लोकांना गुलामीतून बाहेर काढलं तो भाग गाळलेला. म्हणजे ज्यांनी गाळला त्यांना नेमकं माहीत होतं त्या पानांत काय ताकद आहे. बायबल दोन्ही हातांत होतं. पण एका हाताने ते पूर्ण वाचलं.

१८१३ बद्दल. त्या कायद्याने मिशनऱ्यांना दार उघडलं हे खरंय. त्याच वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मुंबईत उतरले, सरकार त्यांना परत पाठवायच्या मागे होतं, ते चिकटून राहिले, तेच आमचं अमेरिकन मराठी मिशन. नगरला मिस फॅरारबाईंची शाळा त्याच मिशनची, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण तिथे घेतलं. मग त्या भाषणाला शिवी म्हणायचं की दार म्हणायचं? मला स्वतःला त्यातले ते शब्द टोचतात, माझेही पूर्वज त्या 'नीच' धर्मातच होते आणि ते नीच नव्हते. पण माझी आजी शिकली ती त्या दारातून आत गेली म्हणून.

पानमळा

@नगरी पाऊल, जपून लिहायची गरज नाही, उत्तम लिहिलंत.

मी १८१३ चं ते भाषण आख्खं वाचलंय आणि हंबरकाठ ताईंनी दिलेल्या वाक्याइतकंच महत्त्वाचं त्यात अजून एक आहे. जातीव्यवस्थेबद्दल तो म्हणतो की ही सत्य आणि निसर्ग यांच्याशी वैर असलेली व्यवस्था आहे, खालच्या लोकांना कायमचं वाकवून ठेवायची घृणास्पद युक्ती आहे. आता सांगा, यात खोटं काय आहे? माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांच्यासमोर कुणी हे वाक्य वाचलं असतं तर त्यांना 'आपल्या धर्माचा अपमान' वाटला असता का? अपमान वाटायला आधी ते घर आपलं असावं लागतं.

पण, आणि हे मी बराच काळ मनात ठेवलंय. याच माणसाने १७९७ ला एक पुस्तक लिहिलं, इंग्लंडमधल्या वरच्या वर्गासाठी, ते प्रचंड खपलं. त्यात तो लिहितो की गरिबांना त्यांची खालची वाट देवाच्या हातानेच नेमून दिलेली आहे, त्यांनी ती निष्ठेने चालावी आणि गैरसोयी समाधानाने सोसाव्यात. हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्या पोथीत चपखल बसेल सांगायची गरज नाही. १७९९ ला कामगारांनी एकत्र येऊ नये म्हणून कायदा झाला त्याला त्याचा पाठिंबा. १८१९ ला मँचेस्टरला पीटरलूच्या मैदानात शांत जमलेल्या लोकांवर घोडदळ घातलं आणि नंतर सभा-छापखान्यांवर कडक कायदे आणले, तेव्हाही तो सरकारच्या बाजूने.

म्हणजे त्याला जमैकाचा गुलाम दिसला, पुण्याचा अस्पृश्य दिसला, आणि स्वतःच्या यॉर्कशरमधला विणकर दिसला नाही. बरं, हल काही गुलामांच्या व्यापाराचं बंदर नव्हतं, त्याच्या घरचा पैसा बाल्टिक समुद्राकडच्या व्यापारातला. लिव्हरपूलच्या खासदाराला जे बोलणं महाग पडलं असतं ते याला तितकं महाग नव्हतं. विणकराबद्दल बोलणं मात्र महाग पडलं असतं.

मला जोतीराव आठवतात. १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी गुलामांना मुक्त केलं, या आशेने की माझे देशबांधव त्यांच्या उदाहरणावरून शूद्र बांधवांना सोडवतील. सातासमुद्रापारच्या लढ्यातून त्यांनी घेतलं काय तर आपल्या अंगणाकडे बोट दाखवायचं धैर्य. स्वतःच्या घरचा हौद १८६८ ला अस्पृश्यांसाठी उघडला. त्यांची टीका विल्बरफोर्सपेक्षा दसपट जहाल आहे, पण ते त्याच गल्लीत राहून, त्याच गल्लीचे दगड खाऊन बोलले. तुमच्या मुलीला सांगायचं तर मी हे सांगेन.

निशिगंध

पानमळा यांच्या यादीत बायकाही घाला. १८२६ ला त्याने पत्रात लिहिलंय की स्त्रियांनी सभा घेणं, छापणं, घरोघर जाऊन अर्जांवर सह्या गोळा करणं हे बायबलमधल्या स्त्रीच्या स्वभावाला शोभत नाही. आणि नेमक्या याच बायकांनी ते 'हळूहळू' उडवलं. लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिकने १८२४ ला पत्रक काढलं, हळूहळू नाही, ताबडतोब, आणि दारोदार जाऊन साखर सोडा म्हणून सांगितलं. बर्मिंगहॅमच्या बायकांच्या संस्थेने १८३० ला मुख्य गुलामीविरोधी संस्थेला कळवलं की नावातून 'हळूहळू' काढा नाहीतर आमची ५० पौंडांची देणगी बंद. काढलं त्यांनी!

म्हणून गर्भपाताच्या वादात त्याचं नाव कुणी घेतलं की मला त्रास होतो. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, रोज समोर बाई बसलेली असते. गुलामीच्या लढ्यात शेवटी ज्याच्या अंगावर बेडी होती त्याचं बोलणं ऐकलं गेलं, इक्वियानोचं पुस्तक लोकांनी विकत घेऊन वाचलं. या वादात जिचं शरीर आहे तिचं बोलणंच गाळून वर म्हणायचं की आम्ही विल्बरफोर्सचे वारस, हे मला पटत नाही.

नगरी पाऊल

@निशिगंध, तुमच्याशी अर्धा सहमत. नाव घेऊन तोंड बंद करू नये, हे मान्य. पण ज्याचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही त्याच्या वतीने कुणीतरी उभं राहणं हाही त्या परंपरेचा भाग आहे आणि माझ्या ओळखीतली अनेक प्रामाणिक माणसं तिथून बोलतात, बाईला शत्रू मानून नाही. इथे आपलं एकमत होणार नाही आणि मी ते ओढत नाही, धागा भरकटेल.

पोर्टलुई

मी मॉरिशसला नोकरीनिमित्त चार वर्षं आहे, त्यामुळे १८३३ नंतर काय झालं ते सांगतो, कारण गोष्ट कायम तिथेच थांबवतात.

पहिलं म्हणजे तो कायदा हिंदुस्थानात कंपनीच्या मुलखाला लागूच नव्हता, तसं कलमच होतं. आपल्याकडे १८४३ चा कायदा यावा लागला, आणि गुलाम बाळगणं फौजदारी गुन्हा झाला तो १८६० च्या दंडसंहितेने. दुसरं, जिथे लागू होता तिथेही लगेच सुटका नाही, 'उमेदवारी' म्हणून अजून काही वर्षं त्याच मालकाकडे राबायचं, ते १८३८-३९ पर्यंत चाललं.

आणि तिसरं, मळ्यांना माणसं तर हवीच होती. मग कुठून आणली? आपल्याकडून. इथे पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, बंदरातून वर यायच्या सोळा दगडी पायऱ्या. १८३४ पासून जवळपास पाच लाख माणसं इथे उतरली, बहुतेक बिहारकडची, मद्रासकडची, आणि मुंबईहून आपल्या कोकणातलीही. इथल्या मराठी लोकांचे पूर्वज ते. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, मी पहिल्या वर्षी ती मिरवणूक बघून रडलो होतो. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, एक दिवस कामावर आला नाहीत तर दोन दिवसांचा पगार कापणार. गुलाम नव्हते म्हणे.

कडूलिंबांच्या भरपाईला जोडून सांगतो. जॉन ग्लॅडस्टन, पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचे वडील, यांना २,५०८ गुलामांपोटी १ लाख ६ हजार पौंडांच्या वर मिळाले. याच गृहस्थांनी १८३६ ला कलकत्त्याच्या एका कंपनीला पत्र लिहून विचारलं की आमच्या डेमेराराच्या (आजच्या गयानातल्या) मळ्यांवर तुमच्याकडचे मजूर पाठवता येतील का. १८३८ ला दोन जहाजं गेली. एका हाताने भरपाई, दुसऱ्या हाताने नवी भरती.

पण न्यायाने बोलायचं तर हेही सांगितलं पाहिजे की त्या मजुरांचे हाल उघडे पाडले ते गुलामीविरोधी संस्थेच्याच माणसांनी, तिथे जाऊन, आणि त्या ओरडीमुळे हिंदुस्थानातून मजूर पाठवणं काही वर्षं बंद करावं लागलं. तेव्हा विल्बरफोर्स जिवंत नव्हता. त्याच्यानंतरच्यांनी त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढे बघितलं, हेही त्याच्याच खात्यावर मांडायला माझी हरकत नाही.

शरणपूर_रोड

मी नाशिकचा. शरणपूर रोडवरून तुम्ही हजारदा गेला असाल, दुकानं, दवाखाने, सिग्नल. शरणपूर म्हणजे काय कधी विचार केलाय? शरण आलेल्यांचं गाव. चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी वसवलं, आणि ही सोसायटी १७९९ ला लंडनमध्ये ज्यांनी काढली त्यात हा विल्बरफोर्सच होता.

१८०७ नंतर इंग्रजांचं आरमार गुलामांची जहाजं पकडायला लागलं, पुढे अरबी समुद्रातही. पकडलेल्या जहाजांवरची आफ्रिकन माणसं, पोरं मुंबईला आणून सोडायचे. त्यातल्या पोरांसाठी शरणपूरला आफ्रिकन आश्रम सुरू झाला, प्राइस नावाचा पाद्री बघायचा. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकवायचे, आणि आसपास सगळी मराठी बोलणारी माणसं. कल्पना करा, कुठेतरी न्यासा सरोवराच्या काठावरून उचलून आणलेलं दहा वर्षांचं पोर गोदावरीकाठी रंधा मारायला शिकतंय.

आफ्रिकाभर फिरलेला स्कॉटिश मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन १८६५ ला मुंबईला आला तेव्हा त्याने इथून काही मुलं बरोबर नेली. १८७२ ला त्याच्या मदतीला अजून मुलं गेली, त्यात जेकब वेनराइट. १८७३ च्या मेमध्ये लिव्हिंगस्टन चितांबोच्या गावी, आजच्या झांबियात वारला. त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना म्हटली ती या जेकबने, झाडावर नाव कोरलं ते यानेच. मग त्या सगळ्यांनी मिळून ते शव हजारएक मैल चालत समुद्रापर्यंत आणलं. एप्रिल १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनला पुरलं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत हा जेकब वेनराइट होता. आमच्या शरणपूरचा.

पुढे १८७५ ला मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी वस्ती केली ती फ्रियरटाउन, मुंबईचा गव्हर्नर होता त्या बार्टल फ्रियरच्या नावावरून, आणि तिच्यासाठी माणसं नाशिकहून गेली. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणायचे. त्यातला मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासाला जगला.

कायदा झाला लंडनला, पण सुटलेल्या माणसाने जायचं कुठे, त्याची भाषा कुठली, आई कुठली, हे कुठल्याच कलमात नव्हतं. आणि त्या पोरांना नवी नावं दिली, नवा धर्म दिला, हेही आहे. चांगलं की वाईट हे मला एका शब्दात नाही सांगता येत. एवढंच वाटतं की नाशिकच्या एकाही शाळेत हे मला कुणी शिकवलं नाही.

हंबरकाठ

@शरणपूर_रोड, मी हे मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने विचारलं जेकबला मराठी येत असेल का. माझं माहेर नाशिकपासून तासाभरावर आणि मी हे हलमध्ये बसून पहिल्यांदा वाचतेय.

बालाघाट

वाचत होतो, आता राहवत नाही. सगळे साखरेबद्दल बोलताय म्हणून.

१७९१ ला पार्लमेंटात हरल्यावर इंग्लंडमध्ये लोकांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली होती, क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाख लोकांनी. मतदानाचा हक्क नसलेल्या बायका घरात ठरवायच्या की चहात ही साखर पडणार नाही. मला या सगळ्या इतिहासात ती गोष्ट सगळ्यात जवळची वाटते कारण मी बीडचा आहे आणि माझे आईवडील ऊसतोडीला जायचे.

आमच्याकडे नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. माणसाची मोजणीच अवजाराने होते. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आसपास बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर भरून निघायचं, कारखान्याच्या पालात सहा महिने राहायचं, आणि शेवटी हिशेब झाला की बऱ्याचदा उचल फिटलेलीच नसते, ती पुढच्या हंगामावर जाते. एक दिवस आजारी पडलं की खाडा, खाड्याचा दंड. पोर्टलुई यांनी ते दोन दिवसांचा पगार कापायचं लिहिलं तेव्हा मी वाचता वाचता थांबलो. खाडा नको म्हणून बायका पाळीच्या त्रासावर थेट गर्भाशयच काढून घेतात, इतक्या संख्येने की २०१९ ला सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ पासून आहे.

मी याला गुलामी म्हणत नाही, माझ्या बापाला कुणी विकलं नाही आणि जहाजात घातलेल्या माणसांचं दुःख मला माझं म्हणून वापरायचं नाहीये. पण इंग्लंडच्या माणसाला हजारो मैलांवरचा उसाचा मळा दिसला आणि मला पुण्यात कॉलेजात असताना माझ्याच मेसच्या चहातली साखर दिसायची नाही, आणि मी तर स्वतः पालावर वाढलेला. पानमळा यांनी विणकराबद्दल लिहिलं ते म्हणून लागलं.

निशिगंध

@बालाघाट, मी अशा बायका तपासल्या आहेत. पस्तिशीच्या आत सगळं काढून टाकलेलं, हाडं ठिसूळ. मग आपण साखर सोडायची का? मनापासून विचारतेय.

बालाघाट

@निशिगंध ताई, नाही. सोडलीत तर पहिला फटका कोयत्याला बसेल, कारखानदाराला नाही. तिकडेही बहिष्काराने मालक लगेच वाकले नाहीत, पण ज्यांना मत नव्हतं त्यांना बोलायला जागा मिळाली. आपल्याला मत आहे. तोडणी कामगाराची नोंदणी, हातात ओळखपत्र, उचलीचा लेखी हिशेब, पालावर दवाखाना आणि शाळा, एवढं जरी प्रत्येक निवडणुकीत साखरपट्ट्याबाहेरच्या माणसाने विचारलं तरी फरक पडेल. आम्ही विचारतो तेव्हा आमची गरज म्हणून विचारतो, तुम्ही विचारलंत तर त्याला वजन वेगळं येतं. विल्बरफोर्सकडून मला घ्यायचंय ते एवढंच, ज्याची स्वतःची साखर गोडच होती त्याने विचारलं आणि अठरा वर्षं विचारत राहिला.

कडूलिंब

बालाघाट, तुमच्या प्रतिसादानंतर माझं श्रेयाचं भांडण थोडं बाजूला ठेवतो. क्लार्कसननेही बहुतेक ठेवलं असतं, त्याने मोहिमेचा इतिहास लिहिला तेव्हा विल्बरफोर्सला मान दिलाच होता.

हंबरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिच्याबरोबर बसून सगळे प्रतिसाद वाचले, काही इंग्रजीत समजावले, काही तिने मराठीतच ओढून नेले. तिच्या प्रश्नाला मी एका शब्दाचं उत्तर नाही दिलं. म्हटलं, त्याने आपल्याबद्दल जे म्हटलं ते मला दुखतं, त्यातला जातीबद्दलचा भाग मला मान खाली घालायला लावतो, आणि तरी १७९६ च्या त्या रात्री चार मतं कमी पडल्यावर दुसऱ्या दिवशी परत कामाला लागला म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे, आणि हे तिन्ही मला एकाच वेळी वाटतं. ती म्हणाली पाच मिनिटांत तिन्ही बसणार नाहीत.

मग तिने स्वतःच विषय फिरवलाय. विल्बरफोर्सच्या खांबापासून सुरुवात करणार आणि जेकब वेनराइटवर संपवणार, आणि कर्जाचं २०१५ साल मध्ये घालणार, कारण ती म्हणते वर्गातल्या सगळ्यांचे आईबाबा तेव्हा टॅक्स भरत होते. सोमवारी बोलायचंय.

@शरणपूर_रोड, एक विनंती आहे. तिला शरणपूरचा एखादा फोटो दाखवायचाय, चर्चचा किंवा नुसत्या रस्त्याच्या पाटीचा चालेल, जिच्यावर ते नाव मराठीत लिहिलेलं असेल.

शरणपूर_रोड

ताई, उद्या सकाळी गर्दी व्हायच्या आत जाऊन काढतो. पाटीचा काढतो आणि चर्चच्या आवाराचाही. रविवारी संध्याकाळपर्यंत इथेच टाकतो.